बिघाड शोधण्याची मजुरी

नारायणगावचा टोमॅटो, देवगडचा हापूस, रत्नागिरीची मासळी बाजारापर्यंत पोहोचवण्यात मोठ्या ट्रकइतकाच वाटा लहान डिझेल पिकअपचा आहे. त्यांतल्या असंख्य गाड्या आता दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांची इंजिने दणकट आहेत. एकदा ओव्हरहॉल केले की पुन्हा काही वर्षे भार ओढतात. आधी थकते ती वायरिंग. आणि वायरिंगचा बिघाड असा असतो की तो धड दिसत नाही आणि जातही नाही. सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो, दुपारी तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. घाटात हेडलाइट मिणमिणतात, गॅरेजच्या दारात लख्ख पेटतात. चालती गाडी मध्येच बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशी चालू लागते. या येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडावर आपल्याकडे एकच उपाय रूढ आहे : भाग बदला. आधी बॅटरी, मग सेल्फ, मग डायनामो, मग रिले. याचा दोष सहसा मेकॅनिकच्या अज्ञानाला दिला जातो. मला तो आपल्या पैसे देण्याच्या रीतीत दिसतो. सुट्या भागाची किंमत आपण देतो, तो बसवण्याची मजुरीही देतो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात गेलेल्या दोन तासांचे पैसे मागितले की गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते. शोधण्याला स्वतंत्र मजुरी मिळाल्याशिवाय जुन्या गाड्यांचे हे दुखणे बरे होणार नाही.

बिघाड शोधणे म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे, कारण त्यावरच मजुरीचा सगळा हिशेब उभा आहे. डिझेल इंजिनात हवा खूप दाबावी लागते, म्हणून त्याचा सेल्फ पेट्रोल गाडीच्या सेल्फपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. पिकअपच्या इंजिनाला फिरवताना तो दोनशे अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. आता बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा इंजिनापासून चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज चढून एक शतांश ओहम इतका क्षुल्लक रोध तयार झाला असे धरू. ओहमच्या नियमाने दोनशे अँपिअर गुणिले एक शतांश म्हणजे दोन व्होल्ट तिथेच खर्च झाले. बारा व्होल्टच्या गाडीत, तेही सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहाच्या आसपास खाली आलेली असताना, दोन व्होल्ट गेले तर सेल्फ फिरणार कसा? हा शतांश ओहम डोळ्यांना दिसत नाही. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेले तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. टेस्ट लॅम्प लावला तर तोही पेटतो, कारण त्याला लागणारा थोडासा करंट गंजलेल्या जोडातून आरामात जातो. केबलच्या शंभर तारांपैकी पाचच शिल्लक असल्या तरी दिवा लागतो आणि सेल्फ मात्र हलत नाही. म्हणून हा दोष सापडतो तो भाराखाली व्होल्ट मोजूनच. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवायचे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला की अर्थिंग खराब आहे हे सिद्ध झाले. मग हीच मोजणी धन बाजूला, टप्प्याटप्प्याने. यात एकही भाग विकला जात नाही. काही शे रुपयांचा मीटर, दुसरा माणूस आणि कुठे टोक लावायचे याचे ज्ञान एवढेच लागते. आजच्या रीतीने या कामाचे बिल होते शून्य, किंवा फार तर टर्मिनल घासल्याचे पन्नास-शंभर रुपये.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. चुकीचा भाग बदलला तरी गाडी बऱ्याचदा सुधारते, निदान काही दिवस. बॅटरी बदलताना टर्मिनल सोडवले जातात, घासले जातात, नव्याने आवळले जातात. सेल्फ उतरवून पुन्हा चढवताना त्याचे बोल्ट आणि त्याखालचा गंज खरवडला जातो आणि इंजिनाला नवा अर्थ मिळतो. कपलर काढून पुन्हा दाबला की आतल्या पिनांवरचा काळा थर पुसला जातो. म्हणजे खरा दोष हात लागल्यामुळे तात्पुरता हटतो आणि श्रेय मिळते नव्या भागाला. शिवाय असा बिघाड मुळातच काही दिवस आपोआप गायब होत असतो. गाडी गॅरेजला नेली जाते ती त्याच्या सर्वांत वाईट दिवशी, त्यामुळे पुढचे दिवस काहीही केले तरी बरेच जाण्याची शक्यता असते. मेकॅनिकला वाटते उपाय लागू पडला, मालकालाही तेच वाटते, आणि दोघांच्याही मनात एक खोटा धडा पक्का होतो. महिन्याने तोच बिघाड परत आला की ‘डुप्लिकेट माल निघाला’ असे म्हणून पुन्हा नवा भाग येतो. यात कोणी लबाडी केलेली असेलच असे नाही. प्रामाणिक माणसालाही ही रीत वर्षानुवर्षे चुकीचे शिकवत राहते, कारण बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर कोणी काही मोजलेलेच नसते.

विजेचा दोष डिझेलच्या दोषाचे सोंग घेतो तेव्हा हे नुकसान अधिक वाढते. जुने यांत्रिक पंपाचे इंजिन एकदा सुरू झाले की त्याला वीज जवळजवळ लागत नाही, असे म्हणतात आणि ते बरेचसे खरे आहे. पण रोटरी पंप असलेल्या अनेक इंजिनांवर डिझेल तोडणारा एक सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळते तोवर डिझेलची वाट उघडी. वीज गेली की वाट बंद, इंजिन बंद. चावीच्या स्विचमधला झिजलेला कॉन्टॅक्ट किंवा कुठेतरी चासीला घासून सोललेली एक वायर क्षणभर तुटली, तर डिझेल संपल्यावर पडावे तसे इंजिन मूकपणे बंद पडते. मग फिल्टर बदलले जातात, एअर काढली जाते, टाकी धुतली जाते, आणि शेवटी पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला जातो. त्याचा खर्च हजारोंत जातो. याउलट सोलेनॉइडच्या टर्मिनलपासून एक बारीक वायर, फ्यूजसह, डॅशबोर्डपर्यंत आणून तिथे छोटा बल्ब लावला, तर पुढच्या वेळी गाडी बंद पडते त्या क्षणी उत्तर मिळते. बल्ब विझला असेल तर वीज तुटली. पेटलेला असेल तर सोलेनॉइडपर्यंतची वायरिंग निर्दोष आहे आणि मग खुशाल पंपाकडे, डिझेलकडे वळावे. येऊन-जाऊन असणारा दोष गॅरेजमध्ये बोलावून येत नाही, म्हणून त्याच्यासाठी असा सापळा लावून ठेवावा लागतो. सतत फ्यूज उडवणाऱ्या शॉर्टसाठीही अशीच जुनी युक्ती आहे : फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा आणि वायरिंगचा जुडगा हाताने एकेक वीत हलवत जायचे. हलवता हलवता बल्ब एकदम प्रखर झाला की शॉर्ट त्याच हाताखाली आहे. जाणत्या इलेक्ट्रिशियनला हे ठाऊक असते. त्याला या वेळेचा मोबदला मिळत नाही, एवढीच अडचण आहे.

प्रत्येक दोषाची स्वतःची वेळ असते, आणि ती वेळ मेकॅनिकला नव्हे तर चालकाला माहीत असते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. बॉनेटखाली रिलेची गुंडाळी सत्तर अंशांनी तापली की तिचा रोध पाव भागाहून अधिक वाढतो, ती कमी करंट घेते आणि आधीच दुबळ्या व्होल्टेजवर चाललेली रिले ओढायची थांबते. विदर्भात मे महिन्यात दुपारी पडणारा आणि रात्री नाहीसा होणारा बिघाड बऱ्याचदा असा असतो. कोकणात उलट. तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि खारा वारा यांमुळे तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो आणि तो प्लास्टिकच्या आवरणाखालून आत सरकत जातो. बाहेरून वायर नवी दिसते, वाकवली की आत भुगा. खडीच्या रस्त्यावरच दिसणारा दोष सैल पिनेचा असू शकतो, इंडिकेटर लावल्यावर मागचे सगळे दिवे मंद होत असतील तर सामाईक अर्थिंगचा. सेल्फ मारताना क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी तुटली असून शेकडो अँपिअर त्या बिचाऱ्या केबलमधून परतीची वाट शोधत आहेत, हे जवळजवळ निश्चित समजावे. आठवड्याच्या बाजारापुरतीच बाहेर पडणारी गाडी दर वेळी बॅटरी उतरलेली सापडत असेल, तर बंद गाडीत अर्धा अँपिअर जरी झिरपत असला तरी दिवसाला बारा अँपिअर-तास जातात. पंच्याहत्तर अँपिअर-तासांची बॅटरी आठवडा काढणार नाही, मग ती कितीही नवी असो. हे सगळे पुरावे चालकापाशी असतात. पण गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा मालक फोनवर बोलतो, चालक बाजूला उभा असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. हे मला मजुरीइतकेच खटकते. गाडी गरम होती की गार, पाऊस होता का, दिवे चालू होते का, खड्ड्यात आपटली होती का, एवढे चार प्रश्न त्याला विचारले तर शोधाचे निम्मे काम होते.

‘जुगाड करून चाललंय ना’ या वृत्तीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. माळशेज किंवा कशेडी घाटात रात्री माल घेऊन उतरणाऱ्या गाडीसाठी हा तीस टक्के प्रकाश म्हणजे वळणावरचा माणूस दिसणे न दिसणे. उपाय म्हणून जास्त वॅटचे बल्ब लावले जातात, तेही रिले न घालता जुन्याच स्विचमधून; त्याने वायर आणखी तापते, कॉन्टॅक्ट आणखी जळतो आणि मूळ तोटा वाढतो. त्यावर प्रेशर हॉर्न, म्युझिक सिस्टीम, रंगीत एलईडीच्या पट्ट्या, प्रत्येकाची वायर जिथे मिळेल तिथे सोलून टेपने गुंडाळलेली. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार घालणे हे तर आगीला दिलेले आमंत्रण आहे. फ्यूज उडतो तेव्हा तो बिघाडाची खबर देत असतो. त्याला गप्प केल्यावर पुढची खबर धूर देतो.

या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. पहिला वेळेचा. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली की हप्ता चुकतो, त्याने दोन तास शोधात का घालवावेत? भाग बदलून तासाभरात गाडी रस्त्यावर येते. हे खरे आहे, आणि कधीकधी तोच मार्ग योग्यही असतो : बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, भाराखाली कोसळत असेल, तर ती बदलावीच. पण ती कोसळते हे कळण्यासाठीसुद्धा मोजावे लागते, आणि विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नाही, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. दोन तास लागतात ते या पाच मिनिटांनी उत्तर न दिल्यावर. आणि चुकीच्या बॅटरीवर, मग चुकीच्या सेल्फवर गेलेले पैसे, शिवाय मध्येच बंद पडलेल्या गाडीत नासलेला माल हे एकत्र मांडले तर दोन तास महाग पडत नाहीत. खत टाकण्याआधी माती परीक्षणाला पैसे मोजणारा शेतकरी हा हिशेब सहज समजू शकतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेला मिस्त्री आवाजावरून दोष ओळखतो, त्याला मीटर कशाला? अनुभवाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे; कुठे आधी मोजायचे हे अनुभवच सांगतो आणि त्याशिवाय मीटर हातात असूनही माणूस चाचपडत राहतो. पण कायमच्या बिघाडावर अनुभव जितका विश्वासार्ह असतो तितका येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडावर नसतो, कारण मघाशी म्हटले तसे, हाच बिघाड अनुभवाला फसवतो. नव्या पिढीचा उलटा आक्षेप असतो : कॉमन रेलच्या गाडीला स्कॅनर लावा, तो सांगेल. स्कॅनर उपयोगी आहे, पण तो सर्किटचे नाव सांगतो, दोषी भागाचे नाही. क्रँक सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असे नव्हे. त्याच्या कपलरची पिन सैल असली किंवा वायर एक्झॉस्टजवळ भाजली असली तरी तोच कोड येतो. सेन्सर गरम झाल्यावर खरोखरच बंद पडतात आणि थंड झाल्यावर चालू होतात, हेही तितकेच खरे. दोहोंतला फरक स्कॅनर करत नाही, वायर हातात घेऊन मोजणारा माणूस करतो.

सर्वांत कठीण आक्षेप विश्वासाचा आहे. शोधण्याचे पैसे द्यायचे ठरले तर मेकॅनिकने खरेच शोधले की चहा पीत बसला, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखायचे? सुटा भाग निदान हातात तरी दिसतो. माझे उत्तर असे की मोजणीही दिसू शकते, ती लिहून द्यायला हवी. इंजिन अर्थिंग, सेल्फ मारताना, आधी १.४ व्होल्ट, पट्टी बदलल्यावर ०.१, अशी एक ओळ बिलावर असली आणि गिऱ्हाइकासमोर मीटर लावून दुसरा आकडा दाखवला, की भाग बदलण्यापेक्षाही जास्त पारदर्शक व्यवहार झाला. भागाच्या बाबतीत ‘जुना खराब होता’ हे आपण नुसत्या शब्दावर मानतो. दोष सापडलाच नाही तर काय, हाही प्रश्न रास्त आहे. किती तासांपर्यंत शोधायचे हे आधी ठरवावे, आणि तेवढे पैसे दोष न सापडताही द्यावेत, कारण कोणकोणती सर्किटे निर्दोष आहेत याची लेखी नोंद पुढच्या माणसाचे तेवढे काम वाचवते. ही नोंद गाडीच्या कागदपत्रांबरोबर राहिली पाहिजे.

जुन्या गाड्यांवर एवढा जीव का काढायचा, त्या भंगारातच जाव्यात, असेही म्हटले जाते. केंद्राचे वाहन भंगार धोरण २०२१ मध्ये आले आणि धूर ओकणाऱ्या, चासी सडलेल्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, यात माझा वाद नाही. पण चांगले इंजिन आणि चांगली चासी असलेली गाडी एका गंजलेल्या पट्टीपायी ‘हिचा काही भरवसा नाही’ म्हणून कवडीमोल विकली जाते, तेव्हा तो पर्यावरणाचा विजय नसतो. ती गाडी भंगारात जातही नाही. त्याच दोषासह ती तिच्या आधीच्या मालकापेक्षा गरीब माणसाच्या दारात उभी राहते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावी लागते, तेवढ्याने हे थांबत नाही. तपासणीच्या त्या काही मिनिटांत दिवे लागले, हॉर्न वाजला की गाडी पास, आणि येऊन-जाऊन असणारा दोष नेमका त्या वेळी हजर नसतो.

मजुरी द्यायची तर शोधू शकणारी माणसेही हवीत, आणि इथे सरकारकडून व कंपन्यांकडून दोन गोष्टी मागणे भाग आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात मल्टिमीटर शिकवलाही जातो. पण हे कौशल्य कसाला लागेल ते मुद्दाम बिघडवलेल्या गाडीवर : तापल्यावरच तुटणारा जोड, हलवल्यावरच होणारा शॉर्ट घालून ठेवावा आणि प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने कोणताही भाग न बदलता, मोजणीचे आकडे लिहून तो शोधावा. दुसरी मागणी वायरिंगच्या आकृत्यांची आहे. कोणत्या रंगाची वायर कुठून निघते, कोणत्या कपलरमधून जाते आणि कुठे अर्थ होते हे माहीत नसेल तर शोध दुप्पट लांबतो, आणि तो खर्च शेवटी गिऱ्हाइकावरच पडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हेच त्या प्रकरणाचे मूळ होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांतही वाहने आहेत. या सगळ्या मोठ्या चौकटीत एक छोटी, आजच करता येण्याजोगी गोष्ट आहे. ज्या मॉडेलचे उत्पादन बंद झाले आहे, त्याच्या वायरिंगच्या आकृत्यांत कंपनीचे कोणतेही व्यापारी गुपित उरलेले नाही. त्या मराठीसह भारतीय भाषांत, रंगांच्या आणि भागांच्या गॅरेजमध्ये चालणाऱ्या नावांसह, कोणालाही मोफत उतरवून घेता येतील अशा कंपन्यांनी खुल्या कराव्यात, आणि राज्याच्या परिवहन विभागाने तसा आग्रह धरावा.